ग्रामसभेत हात वर होतात, पुढे काय? (ठराव ते काम : नेमकं कुठे अडतं)

पांदण

ग्रामसभेबद्दल दोनच सूर ऐकू येतात. एक, 'ही खरी लोकशाही'. दुसरा, 'चार टाळकी जमतात, भांडतात आणि सरपंच त्याला हवं तेच करतो'. दोन्ही सूर लावणाऱ्या बहुतेकांनी आपल्या गावाचं प्रोसिडिंग बुक (सभेतले ठराव नोंदवायची वही) कधी उघडून पाहिलेलं नसतं.

माझं म्हणणं असं, की सभेतला हात वर करण्याचा क्षण सगळ्यात कमी महत्त्वाचा. सत्ता असते विषयपत्रिका ठरताना आणि ठराव लिहिला जाताना. लोक मधल्या दोन तासांना येतात आणि उरलेलं वर्ष कागद दुसऱ्यांच्या हातात असतात.

नियम आधी मांडतो, म्हणजे चर्चा हवेत जायला नको. ७३व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) ग्रामसभेला घटनेत स्थान दिलं, पण तिला अधिकार किती द्यायचे ते राज्यांवर सोडलं. महाराष्ट्रात १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम लागू आहे. आर्थिक वर्षात किमान ४ ग्रामसभा घ्यायच्या. साध्या सभेची नोटीस ७ दिवस आधी, विशेष सभेची ४ दिवस आधी. गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) एकूण मतदारांच्या १५% किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण सदस्य. सबळ कारणाशिवाय सभाच घेतल्या नाहीत तर सरपंचपद जाऊ शकतं.

आता हे गणित बघा. ६०० मतदारांच्या गावात ९० माणसं लागतात, ८,००० मतदारांच्या गावात १००. म्हणजे मोठ्या गावात सव्वा टक्का लोक बसले की 'गावाने ठरवलं' असं लिहायची सोय आहे.

कुठे अडतं, कसं सोडवायचं, यावर जाणकारांनी लिहावं. किस्से नकोत, रीत सांगा.

वहिवाट

गणपूर्तीवरूनच सुरू करतो, कारण पहिली खोच तिथेच आहे. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून काही ठिकाणी पहिली सभा ओस पडेल अशी वेळच ठेवतात: लगीनसराईतला दिवस, पेरणीचा आठवडा, नाहीतर बाजाराचा वार. तहकूब सभा मग पंधरा माणसांत उरकते. यावर दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. तहकूब सभेचीही नोटीस लागते. आणि तिच्यात मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात, नवा विषय घुसवता येत नाही. प्रोसिडिंग वाचताना तहकूब सभेत एखादा नवा विषय दिसला तर तो ठराव कच्चा, खुशाल हरकत घ्या.

दुसरी खोच म्हणजे विषयपत्रिकेची शेवटची ओळ : 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. पैशांचे, जागेचे, ना-हरकतीचे विषय या ओळीखाली सापडतात. लोक तोवर उठून गेलेले असतात. आपला विषय मात्र या ओळीवर सोडू नये. नोटीस निघण्याआधी ग्रामसेवकाकडे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) लेखी द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घ्यायचा. विषय आयत्या वेळी मांडला की 'पुढच्या सभेत घेऊ' हे उत्तर ठरलेलं.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची : प्रोसिडिंग. सभेत कच्च्या कागदावर टिपणं घेतात आणि पक्क्या वहीत नंतर सावकाश उतरवतात. मधल्या दिवसांत काय वाटेल ते होऊ शकतं. ठरावांच्या मध्ये मोकळ्या ओळी सुटलेल्या असतील तर त्या उगाच सुटलेल्या नसतात. हजेरीच्या वहीत सभेनंतर घरोघर जाऊन सह्या घेतल्या जातात, तेही जगजाहीर आहे. उपाय साधा आहे, फक्त सभा संपेपर्यंत थांबायची तयारी हवी. प्रत्येक ठराव मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. शेवटच्या ठरावाखाली आडवी रेघ मारून अध्यक्षांची सही तिथल्या तिथे घ्या. हजेरीच्या शेवटच्या सहीखालीही रेघ. मग त्या दोन्ही पानांचा मोबाईलवर फोटो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि नंतर वही 'सुधारण्याची' सोय त्यातच संपते.

पांदण

ठरावाच्या भाषेवर पण लिहा वहिवाट, तिथेच निम्मे मरतात.

वहिवाट

हो, ते राहिलंच. नेहमीचा ठराव असा असतो : 'वॉर्ड क्र. २ मधील गटारीचे काम करण्यात यावे असे सर्वानुमते ठरले.' यावर कुणालाच काही करता येत नाही. किती गटार, कुठून कुठे, पैसा कोणता, कधीपर्यंत, करायचं कुणी?

हाच ठराव असा लिहून घ्या : 'वॉर्ड क्र. २, अंगणवाडी ते ओढा, अंदाजे १२० मीटर बंदिस्त गटार. चालू वर्षाच्या आराखड्यात समाविष्ट आहे / पुढील वर्षाच्या आराखड्यात समाविष्ट करावे. निधी : वित्त आयोग, बंधित, स्वच्छता. अंदाजपत्रकासाठी पंचायत समितीस ग्रामपंचायत अधिकारी यांनी १५ दिवसांत पत्र द्यावे. प्रगती पुढील ग्रामसभेत ठेवावी.' (बंधित म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्च करायचा निधी.) खाली सूचक आणि अनुमोदक. शेवटचं वाक्य विसरू नका, त्यामुळेच विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर आपोआप येतो.

'सर्वानुमते' या शब्दावर मात्र माझा राग आहे. विरोध झाला असेल तर बाजूने किती, विरोधात किती हे आकडे लिहून घ्या. विरोधकांची नावंही नोंदवायला सांगा. एकमताचा देखावा गावाला शोभून दिसतो, पण तक्रार करायची वेळ आली की 'तुम्हीही होतातच की सर्वानुमतात' असं ऐकावं लागतं.

रानजाई

वहिवाट यांनी 'चालू वर्षाच्या आराखड्यात' असं जाता जाता लिहिलंय, माझ्या मते अडण्याची मुख्य जागा तीच. बाकी सगळं बिनचूक असलं तरी काम आराखड्यात नसेल तर वित्त आयोगाच्या पैशातून त्याचं बिल निघतच नाही. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर आराखडा चढवलेला असतो आणि खर्च त्यातल्या कामाला जोडूनच टाकावा लागतो. यादीत नसलेलं काम तिथे निवडताच येत नाही.

म्हणून वेळ साधायला हवी. पुढच्या वर्षाचा आराखडा ('आमचं गाव, आमचा विकास') साधारण २ ऑक्टोबर ते जानेवारीअखेर तयार होतो. मे महिन्यात पाण्याच्या टाकीसाठी जोरदार भांडणारा माणूस त्या वर्षापुरता हरलेलाच असतो. ज्या सभेला सर्वांत जास्त गर्दी हवी, त्या आराखड्याच्या सभेला सर्वांत कमी लोक असतात, कारण तिथे भांडण नसतं, नुसती यादी वाचतात.

पैशाचं विभाजनही माहीत हवं. १५व्या वित्त आयोगाच्या निधीत ६०% बंधित (निम्मा पिण्याचं पाणी, निम्मा स्वच्छता) आणि ४०% अबंधित असं होतं. ग्रामपंचायतीला वर्षाला १० लाख आले असं धरा. ३ लाख पाण्याला, ३ लाख सांडपाणी-घनकचऱ्याला, उरलेले ४ लाख बाकी सगळ्याला. त्या ४ लाखांतून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. आता सभेत पाच जण पाच रस्ते मागतात आणि सरपंच 'बघू' म्हणतो. त्याला नाही म्हणायचं नसतं आणि मागणाऱ्याला ४ लाखांत एक धड रस्ताही होत नाही हे माहीत नसतं. तोच माणूस रस्त्याकडेची गटार मागेल तर बंधितमधून होईल. आयोग बदलला की प्रमाण बदलतं, तेव्हा चालू आयोगाचा शासन निर्णय पाहून घ्या.

स्वनिधीचं वेगळं. घरपट्टी-पाणीपट्टीच्या उत्पन्नातून १५% मागासवर्गीयांसाठी, १०% महिला व बालकल्याणासाठी, ५% दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवेत. हे तीन आकडे विचारायला अर्ज लागत नाही, सभेत उभं राहून विचारता येतात. उत्तर रुपयांत मागा आणि कशावर खर्च केले तेही विचारा. १०% मधून सतरंज्या आणि खुर्च्या घेतल्याचं ऐकलं तर नवल वाटून घेऊ नका.

तळटीप

धागा छान चाललाय, पण एक अप्रिय सूर लावतो. हे सगळं वाचून मला उलटंच वाटायला लागलं. शेतमजूर बाईने दिवसाची मजुरी बुडवून सभेला यायचं, विषय आधी लेखी द्यायचा, बंधित-अबंधित समजून घ्यायचं, रेघा मारून फोटो काढायचे. मग पाच वर्षांसाठी निवडून दिलेले सदस्य कशासाठी? प्रातिनिधिक लोकशाहीचा फायदाच हा, की प्रत्येकाने रोज हजर असावं लागत नाही. थेट सहभागाचा आग्रह धरला की ज्यांच्याकडे रिकामा वेळ आणि मोठा आवाज आहे त्यांचं राज्य येतं. सरपंच निदान मतं मागायला दारात येतो. सभेत ओरडणारे ते चाळीस जण कुणाला उत्तर देतात?

पांदण

तळटीप, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो पूर्ण खोडणार नाही. पण ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांची कामं वेगळी आहेत. रोजचा कारभार मासिक सभेत सदस्यच करतात. गावासमोर येतं ते आराखडा, लाभार्थ्यांची निवड, हिशोब. लाभार्थी यादीचं उदाहरण घ्या. घरकुल कुणाला हे सात-नऊ सदस्यांनी बंद खोलीत ठरवणं आणि यादी सगळ्यांसमोर वाचणं यात फरक आहे. 'अहो, याचं तर दुमजली घर आहे' हे म्हणायला एक माणूस पुरतो, बहुमत लागत नाही. माझ्या दृष्टीने ग्रामसभेची खरी ताकद ही, निर्णय घेण्यापेक्षा लपवू न देण्याची.

बहुमताला मर्यादा असते हेही सांगायला हवं. ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. एखाद्या कुटुंबाशी व्यवहार करू नका, अमक्यांना गावात फिरकू देऊ नका, असे ठराव अधूनमधून होतात. ते शंभर टक्के मतांनी झाले तरी टिकत नाहीत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि असा ठराव मांडणारे, त्याला हात वर करणारे स्वतःच अडचणीत येतात. ठराव लिहिणाऱ्याने तो तिथेच नोंदवायला नकार द्यावा.

सूचक-अनुमोदक

रिकामा वेळ आणि मोठा आवाज… तळटीप, तुम्ही आमच्या सभेचं चित्रीकरण पाहिलंय का? 😄

वेळेचा मुद्दा मात्र सोडवता येतो. सभा सकाळी अकराला का, संध्याकाळी का नाही? कायद्याने तास ठरवून दिलेला नाही. आणि मोठ्या गावात आधी वॉर्डसभा घ्यावी. तीस माणसांत बोलणं सोपं असतं, मागणी तिथून लेखी वर येते.

रानजाई

तळटीप यांनी मजूर बाईचा विषय काढला म्हणून. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते, ती बहुतेक ठिकाणी कागदावर होते. सह्या अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या बैठकीत गोळा केल्या जातात. ती सभा खरी झाली पाहिजे, कारण तिच्यातल्या शिफारशी ग्रामसभेपुढे मांडायच्या असतात. मग बाईला शंभर पुरुषांसमोर एकटीने उठायची गरज राहत नाही, कागद तिच्या वतीने बोलतो.

५०% आरक्षण २०११ पासून आहे. सरपंच बाई आणि कारभारी नवरा, यावर बोलून बोलून लोक थकले. नातेवाइकांनी कार्यालयात हस्तक्षेप करू नये अशा सूचनाही निघाल्या आहेत. पण आता खरी किल्ली खुर्ची नाही, डोंगल आहे. वित्त आयोगाच्या पैशाचं बिल ऑनलाइन निघतं : ग्रामसेवक तयार करतो, सरपंच डिजिटल सहीने मंजूर करतो. ती सही यूएसबी डोंगलमध्ये असते आणि तिला पासवर्ड असतो. डोंगल नवऱ्याच्या खिशात, नाहीतर संगणक चालवणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये पासवर्डच्या चिठ्ठीसकट. सही झाली की जबाबदारी सरपंचाची, 'मला माहीत नव्हतं' चालत नाही. नव्या महिला सरपंचांसाठी प्रशिक्षणात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायला हवी : डोंगल घरी न्या, पासवर्ड स्वतः बदला, आणि मंजुरीआधी बिल, काम आणि ठेकेदाराचं नाव मोठ्याने वाचायला सांगा.

तळटीप

डोंगलचा मुद्दा पटला. पण थेट सहभागाची एक बाजू अजून कुणी काढली नाही, ती म्हणजे मतांची अट कशी लावता त्यावर निकाल ठरतो. दारूबंदीचं मतदान घ्या. गावातल्या २५% महिला मतदारांनी मागणी केली की प्रक्रिया सुरू होते, मग गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण यादीच्या. ८०० महिला मतदार असतील तर ४०१ हव्यात. ५०० जणी आल्या, ३९० जणींनी आडवी केली, तरी दुकान चालू. घरी बसलेली, परगावी गेलेली, यादीत नाव राहिलेली मयत बाई, सगळ्यांची मतं दुकानाच्या बाजूने धरली जातात. इकडे ग्रामसभेत सव्वा टक्क्यात गाव ठरतं. दोन टोकं आहेत ही.

वहिवाट

अगदी बरोबर, आणि म्हणूनच त्या मोहिमेत घोषणा देण्याआधी मतदार यादी साफ करावी लागते. मयत आणि कायमच्या स्थलांतरितांची नावं कमी करायला नमुना ७ भरून द्यायचा. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं दोन्हीकडे असतात, ती शोधायची. यादीतली ४० नावं कमी झाली की लागणारी मतं २० ने घटतात. दुसरं, मागणीच्या अर्जावरच्या सह्यांची पडताळणी होते. यादीतलं नाव आणि सही-अंगठा जुळत नाही म्हणून अर्ज तिथेच गळतात. प्रत्येक सहीपुढे यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा, आणि २५% लागत असतील तर ३५% गोळा करा.

नवखा

सगळं वाचतोय, खूप उपयोगी. एक शंका : विषय लेखी दिला तर ग्रामसेवक पोचच देत नाहीत, 'ठेवून जा' म्हणतात. आणि काम झाल्याचं दाखवून पैसे उचललेत असं वाटत असेल तर माहितीचा अधिकार टाकायचा का?

वहिवाट

नवखा, पोच मिळत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. पाकिटावर विषय लिहा, म्हणजे आत कोरा कागद होता असं म्हणणं अवघड जातं.

माहिती अधिकार हे शेवटचं हत्यार, पहिलं नव्हे. आधी फुकटात मिळतं ते बघा. ई-ग्रामस्वराजवर आराखडा आणि खर्चाचे अहवाल लॉगिन न करता दिसतात : राज्य, जिल्हा, तालुका, गाव, वर्ष निवडायचं. तिथून कामाचं नाव आणि रक्कम टिपून घ्या. मग जागेवर जाऊन टेप लावा. १२० मीटर लिहिलंय आणि ८५ भरतंय, इतकं कळलं की पुढचा अर्ज चार ओळींचा होतो.

अर्ज करायचाच तर असा. साधा कागद, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक अर्ज एक विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत (महाराष्ट्राच्या नियमातली अट). 'भ्रष्टाचार का झाला' असं विचारायचं नाही, 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. कागद मागायचे. या कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, देयकाचं प्रमाणक (व्हाउचर), पूर्णत्वाचा दाखला, कामाचे फोटो. मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी सगळ्यात बोलकी. तिच्यात अभियंत्याने लांबी-रुंदी-खोली लिहून सही केलेली असते. तुमचं टेपचं माप आणि तिचं माप शेजारी ठेवा, बाकी काही सिद्ध करावं लागत नाही. 'गेल्या दहा वर्षांची सर्व माहिती' मागणारे अर्ज मात्र नुसते पडून राहतात, आणि ते रास्तही आहे.

३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट लावून. त्यानंतर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरं. तिथे मात्र धीर धरा, रांग लांब आहे.

सूचक-अनुमोदक

भर घालतो. लेखापरीक्षण अहवाल विसरू नका. त्यात आक्षेप लिहिलेले असतात आणि त्यांची पूर्तता करायची असते. सभेत 'किती आक्षेप शिल्लक आहेत आणि वसुलीस पात्र रक्कम किती' एवढं विचारा, सभा शांत होते. विचारणाऱ्याची स्वतःची घरपट्टी मात्र भरलेली हवी, नाहीतर आधी नमुना ८ आणि ९ (कर आकारणीची आणि कर मागणीची वही) तुमच्याच नावाने उघडले जातात.

रानजाई

आणि सरपंच खरंच नको झाला असेल तर? थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचावरचा अविश्वास सदस्यांनी तीन चतुर्थांश मतांनी मंजूर केला तरी तो गुप्त मतदानासाठी ग्रामसभेपुढे जातो. लोकांनी निवडला, काढायचाही लोकांनीच. मला हे तत्त्व पटतं, पण थेट निवड २०१७ ला आणली, २०२० ला काढली, २०२२ ला परत आणली, त्यामुळे आपल्या गावाला कोणता नियम लागू ते कुणालाच धड ठाऊक नसतं.

तळटीप

बिनविरोध निवडीवर पण बोला कुणीतरी. 'गावात एकोपा' म्हणून बक्षिसं जाहीर होतात. पण बिनविरोध म्हणजे मतदारांना विचारलंच नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथल्या निवडणुका रद्द केल्या होत्या, कारण पदांचा लिलाव झाला होता. लिलाव पकडला जातो, पारावर बसून चार घरांनी केलेली वाटणी पकडली जात नाही.

पांदण

तळटीप, यावर आपलं एकमत, आणि विरोधाचे आकडे शून्य असं नोंदवून घ्या 😄. एकोप्याचं चांगलं उदाहरण द्यायचं तर गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) : 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. तिथे मतदानाऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेतात. पण ती सहमती विषय पुन्हा पुन्हा चर्चेला घेऊन तयार होते, विरोधकाला गप्प बसवून नव्हे. शिवाय गाव लहान आहे. पाच हजारांच्या गावात ते जसंच्या तसं जमणार नाही, तिथे मतं मोजलेलीच बरी.

नवखा

आभार सगळ्यांचे. पोस्टाने अर्ज पाठवतो. टेप ३० मीटरचा चालेल की ५०?

वहिवाट

३० चा पुरतो, दोघं जण न्या. सुरुवातीच्या आणि शेवटच्या टोकाला खडूची खूण करून टेपसकट फोटो काढा, फोटोत तारीख आणि ठिकाण दिसेल अशी सेटिंग आधी लावा. गटार असेल तर लांबीबरोबर आतली रुंदी आणि खोलीही तीन जागी मोजा. लांबी बरोबर भरली तरी खोलीत मारलेलं असू शकतं.